२१ वर्षं आणि एक दिवस

मोबाईल उघडला की कोणी ना कोणी सांगतच असतो, २१ दिवस एखादी गोष्ट करा, सवय लागते. पहाटे पाचला उठणं, साखर सोडणं, जिम, डायरी लिहिणं, सगळ्याला औषध एकच, २१ दिवस. हे २१ आलं कुठून? अमेरिकेत मॅक्सवेल माल्ट्झ नावाचा एक प्लास्टिक सर्जन होता. त्याच्या लक्षात आलं की ऑपरेशननंतर माणसाला स्वतःच्या नव्या चेहऱ्याची ओळख पटायला किमान २१ दिवस लागतात. १९६० साली त्याने पुस्तकात हे लिहिलं. पुढे लोकांनी त्यातला 'किमान' उडवला, चेहरा उडवला, आणि २१ तेवढे ठेवले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी नंतर ९६ जणांवर अभ्यास केला, तेव्हा सरासरी निघाली ६६ दिवस. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाचा हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला.

असो. राजेहो, आपण नागपूरकरांनी हे २१ दिवसांचं कौतुक कशाला ऐकायचं? आपल्या गावात एका माणसाने स्वतःला दिलेला शब्द २१ वर्षं आणि एका दिवसाने पुरा केला. रोज आपण त्या जागेवरून गाडी काढतो, सिग्नल लागला तर चिडतो. दसऱ्याला फोटो टाकतो, जयभीम म्हणतो. पण त्या दोन तारखांच्या मधे काय झालं आणि नंतर लोकांना ते केवढ्याला पडलं, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांनी नीट वाचलेलं नसतं. म्हणून ही लांब पोस्ट. वेळ काढून वाचा.

पहिली तारीख, १३ ऑक्टोबर १९३५. ठिकाण येवला, जिल्हा नाशिक. आता येवला म्हटलं की पैठणी आठवते. त्या दिवशी तिथे दलित वर्गाची परिषद भरली होती, दहाएक हजार माणूस जमला होता. मागे पाच वर्षांचा हिशेब होता. २ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, लोकांनी मार खाल्ला, तुरुंगात गेले, गावात त्यांचे व्यवहार बंद झाले, आणि पाच वर्षांनी दार बंदच होतं. येवल्यात बाबासाहेबांनी हा सत्याग्रह थांबवायला सांगितलं. आणि स्वतःबद्दल एक गोष्ट जाहीर केली. हिंदू म्हणून जन्माला येणं आपल्या हातात नव्हतं, पण हिंदू म्हणून आपण मरणार नाही.

या वाक्याची रचना पाहा. लोकांना सांगायचं ते त्यांनी वेगळं सांगितलं. हे मात्र त्यांचं स्वतःपुरतं होतं. यात तारीख नाही. कोणत्या धर्मात जाणार ते नाही. मुदत एकच, मरणाच्या आत. आणि मोडला तर शिक्षा करणारं कोणी नाही. कोर्टात जाता येत नाही, निवडणुकीत कोणी विचारणार नाही. असा शब्द सगळ्यात सोपा असतो द्यायला आणि सगळ्यात सोपा मोडायला. कोणी म्हणेल, अहो, भर परिषदेत बोलले ते, मग स्वतःला दिलेला शब्द कसा? खरं आहे, साक्षीला हजारो होते. पण साक्षीदार विसरतात. नेत्यांच्या जाहीर घोषणा लोक किती दिवस लक्षात ठेवतात हे मी पत्रकार म्हणून तुम्हाला सांगायला नको. वेगळ्या विदर्भाच्या किती शपथा आपण ऐकल्या, मोजून बघा.

येवल्याच्या घोषणेनंतर निमंत्रणांची रांग लागली. मुस्लिम नेते आले, ख्रिस्ती मिशनरी आले, सारनाथच्या महाबोधी सोसायटीचा निरोप आला. शीखांशी तर बोलणं बरंच पुढे गेलं होतं. एप्रिल १९३६ मध्ये बाबासाहेब अमृतसरला शीखांच्या परिषदेला गेले, मुंबईत खालसा कॉलेज उभं राहिलं ते याच संबंधातून. हा शीखांचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे परत येईल. गांधीजींना ही घोषणा पटली नव्हती आणि तसं त्यांनी सांगितलंही. मे १९३६ अखेर मुंबईत महार परिषद झाली, तिने धर्मांतराला पाठिंबा दिला. म्हणजे घोषणा झाली, लोक तयार, पर्याय समोर. दुसरा कोणी असता तर वर्षभरात मोकळा झाला असता.

त्यांना २० वर्षं लागली.

या वीस वर्षांत तो शब्द बाजूला ठेवायला कारणं काय कमी होती? आपलं 'वेळच मिळत नाही' हे कारण असतं ना, त्याची मोठी आवृत्ती बघा. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९३७ ची निवडणूक लढवली. १९४२ च्या जुलैमध्ये इथे आपल्या नागपुरात मोहन पार्कवर परिषद भरली आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन जन्माला आलं. त्याच वर्षी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं आलं. मग स्वातंत्र्य, कायदेमंत्रीपद, घटनेचा मसुदा. मग हिंदू कोड बिल आणि १९५१ चा राजीनामा. १९५२ ला मुंबईत पराभव. १९५४ ला आपल्या शेजारच्या भंडाऱ्यात पोटनिवडणूक लढवली, तिथेही पराभव. यातल्या कुठल्याही टप्प्यावर, आता देशाचं काम मोठं आहे, धर्माचं नंतर बघू, असं म्हणता आलं असतं, आणि लोकांनी ते मान्यही केलं असतं. पराभव झाल्यावर तर अजूनच. पडलेल्या माणसाला जुन्या शब्दाची आठवण कोण करून देतो?

पण बारकाईने पाहिलं तर मधल्या काळात ते गप्प बसलेले दिसत नाहीत. मॅट्रिक झाले तेव्हा, १९०७ साली, कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींनी आपलं लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं होतं. दादरला पुस्तकांसाठी घर बांधलं त्याचं नाव राजगृह, हे बुद्धाच्या काळातल्या मगधच्या राजधानीचं नाव, आणि हे घर येवल्याच्या आधीचं. १९४६ मध्ये मुंबईत कॉलेज काढलं त्याचं नाव सिद्धार्थ. औरंगाबादच्या कॉलेजचं नाव मिलिंद. १९४८ मध्ये लक्ष्मी नरसू यांचं बौद्ध धर्मावरचं जुनं पुस्तक स्वतः प्रस्तावना लिहून पुन्हा छापलं. १९५० मध्ये श्रीलंकेत बौद्ध परिषदेला गेले, १९५४ मध्ये ब्रह्मदेशात गेले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुण्याजवळ देहूरोडला बुद्धमूर्ती बसवली. आणि या सगळ्यात, साखरेचा आजार, पाय दुखून उभं राहता येत नाही अशी अवस्था, तरी बुद्धाच्या जीवनावर आणि विचारावर मोठा ग्रंथ लिहिणं चालू.

मला वाटतं, शब्द पाळणं म्हणतात ते हेच. शेवटच्या दिवशीचा समारंभ आपण बघतो. तो व्हायच्या आधी वीस वर्षं माणूस रोज थोडं थोडं त्या दिशेला सरकत होता. घाईत कोणता तरी धर्म घेऊन तारीख पाळता आली असती. त्यांनी तारीख लांबवली, पण अभ्यास सोडला नाही. टाळाटाळ आणि तयारी या दोन्ही गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात, बरं का. फरक फक्त इतकाच की तयारी करणाऱ्याच्या टेबलावर काहीतरी लिहिलेलं सापडतं.

१९५६ हे वर्ष बुद्धाच्या महापरिनिर्वाणाच्या अडीच हजाराव्या वर्षाचं म्हणून सरकारी पातळीवरही साजरं होत होतं. २४ मे १९५६ ला, बुद्धजयंतीला, मुंबईच्या नरे पार्कवर त्यांनी सांगितलं, ऑक्टोबरमध्ये दीक्षा घेणार. २३ सप्टेंबरला पत्रक निघालं, १४ ऑक्टोबर, नागपूर, सकाळी ९ ते ११. येवल्याला ज्या शब्दाला तारीख नव्हती त्याला आता वेळसुद्धा आली. नागपूरच का, याचं उत्तर त्यांनी स्वतः दिलं होतं. हा नाग लोकांचा प्रदेश, त्यांनी बुद्धाचा धम्म पसरवला. संघाचं गाव आहे आणि दसरा आहे म्हणून मुद्दाम निवडलं, ही चर्चा तेव्हाही होती, आणि ते कारण नाही हे त्यांनी भाषणातच स्पष्ट केलं. तरी अजून दरवर्षी कोणीतरी तीच चर्चा काढतं. काढू द्या.

११ ऑक्टोबरला ते विमानाने नागपुरात उतरले. सोबत माईसाहेब आणि नानकचंद रत्तू. मुक्काम सीताबर्डीवरच्या श्याम हॉटेलात. इथली सगळी व्यवस्था वामनराव गोडबोले आणि भारतीय बौद्धजन समितीची. व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या मोकळ्या मैदानावर मांडव पडला. विदर्भातून, मराठवाड्यातून, मध्य प्रांतातल्या खेड्यांतून माणसं यायला लागली. रेल्वे भरून आल्या, ज्यांना तिकीट परवडलं नाही ते चालत आले, बाया अंगावरचं किडूकमिडूक विकून आल्या. बहुतेकांनी पांढरे कपडे घातलेले. किती माणूस होता यावर तीन लाखांपासून पाच लाखांपर्यंत आकडे वाचायला मिळतात. समता सैनिक दलाची पोरं बंदोबस्ताला होती. आणि एवढ्या गर्दीचं त्या दिवशी वर्णन करणाऱ्यांनी शिस्तीचाच उल्लेख जास्त केला आहे.

नागपूरच्या वस्त्यांची ही शिस्त एका रात्रीत आली नव्हती, हे सांगितलं पाहिजे. किसन फागुजी बनसोडे यांनी शाळा, छापखाना, वर्तमानपत्र यांत आयुष्य घातलं. जाईबाई चौधरींनी मुलींची शाळा काढली, ती रोजची मजुरी करणाऱ्या वस्तीत. एम्प्रेस मिलच्या पाळ्या करून रात्री वाचनालयात बसणारी माणसं होती. वसंत मून यांचं 'वस्ती' वाचलं नसेल तर वाचा. आखाडे, सैनिक दल, मिलचा भोंगा, सभा, सगळं त्यात आहे. १४ ऑक्टोबरला मैदानावर जे उभे होते ते याच वस्त्यांतून आले होते.

त्या सकाळी पांढरं धोतर, पांढरा कोट, हातात काठी अशा वेशात बाबासाहेब मंचावर आले. कुशीनगरचे महास्थवीर चंद्रमणी, वय ऐंशीच्या पुढे, मूळचे ब्रह्मदेशातले, त्यांनी बाबासाहेबांना आणि माईसाहेबांना त्रिशरण आणि पंचशील दिलं. येवल्याचा शब्द इथे संपला. २१ वर्षं आणि एक दिवस.

मग त्यांनी समोरच्या लोकांना सांगितलं, ज्यांना दीक्षा घ्यायची आहे त्यांनी उभं राहा. सगळं मैदान उभं राहिलं. आणि दीक्षा त्यांनी स्वतः दिली. तीसुद्धा नुसती त्रिशरण पंचशील नव्हे. आपल्या हाताने तयार केलेल्या २२ प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या.

या २२ प्रतिज्ञांवर राजकीय बोलणं खूप होतं, कोणाला पहिल्या काही खटकतात, कोणी तेवढ्याच काढून दाखवतो. मी वेगळ्या बाजूने बघायला सांगतो. प्रत्येक प्रतिज्ञा 'मी' ने चालते. मी मानणार नाही, मी करणार नाही, मी वागेन. कुठेही 'आम्ही' नाही. लाखो माणसं एका आवाजात म्हणत होती, पण प्रत्येकजण एकटा म्हणत होता. यात देव साक्षीला नाही, कारण सुरुवातच तिथून आहे. नवसात देणंघेणं असतं, अमुक झालं तर तमुक करीन. इथे तसा सौदाच नाही. मोडली तर पाप लागेल असं नाही, दंड नाही, जातपंचायत नाही, वस्तीवस्तीत तपासायला भिक्खू नव्हते. माणसाने स्वतःवर नजर ठेवायची.

आणि त्या प्रतिज्ञा हवेतल्या नाहीत. श्राद्ध घालणार नाही, पिंडदान करणार नाही. म्हणजे पहिलंच वर्ष, बाप वारलेला, भाऊबंद म्हणतात घाला रे एवढं, लोक काय म्हणतील, आणि तुम्ही म्हणता नाही. कुठलंही क्रियाकर्म ब्राह्मणाच्या हातून करणार नाही. म्हणजे पोरीचं लग्न लावायचं कसं, हा प्रश्न पुढच्याच महिन्यात. चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, व्यभिचार करणार नाही. सतरावी, दारू पिणार नाही. बाबासाहेबांना माणसाची सवय ठाऊक होती. नुसतं 'बौद्ध झालो' म्हटलं तर सहा महिन्यांत जुनं सगळं मागच्या दाराने घरात येतं. म्हणून ज्या ज्या दाराने येईल ते एकेक दार मोजून बंद केलं. काय सोडायचं ते इतकं नेमकं सांगितलं की संध्याकाळी घरी गेल्यावर माणसाला कळावं, आपण आज पाळलं की मोडलं.

दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, त्याच मैदानावर त्यांचं मोठं भाषण झालं. दीक्षा घ्यायला राहिलेल्यांनी त्या दिवशी घेतली, त्यात नागपूर हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगीही होते. भाषणात बाबासाहेबांनी इशारा दिला, की हा धर्म म्हणजे गळ्यात अडकवलेलं मढं समजू नका, नीट पाळा, नाहीतर तुमच्यामुळे धर्माला नावं ठेवली जातील. प्रत्येकाने मिळकतीचा विसावा भाग या कामाला द्यावा, हेही सांगितलं. १६ ला चंद्रपूरला, तेव्हाचं चांदा, तिथे दीक्षा झाली. चंद्रपूरकरांची तक्रार असते की त्यांचा १६ ऑक्टोबर कोणी आठवत नाही. रास्त आहे.

आता हा शब्द लोकांना केवढ्याला पडला ते.

अनुसूचित जातींच्या सवलती ज्या १९५० च्या आदेशाने मिळतात त्यात अट होती, माणूस हिंदू असला पाहिजे. १९५६ मध्ये, दीक्षेच्या अगदी तोंडावर, त्यात शीखांची भर पडली. बौद्धांची नाही. म्हणजे वीस वर्षांपूर्वी ज्या शीख धर्माचा विचार झाला होता, तो घेतला असता तर केंद्राच्या सवलती कायम राहिल्या असत्या. बौद्ध होणाऱ्याला मात्र केंद्राची राखीव नोकरी नाही, शिष्यवृत्ती नाही, राखीव जागेवरून निवडणूक नाही. हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला होता. बाबासाहेबांनी भाषणात विश्वास दिला, या सवलती मी मिळवल्या आहेत, पुन्हा मिळवून देईन.

आणि ५३ दिवसांनी ते गेले. ५ डिसेंबरच्या रात्री दिल्लीत अलीपूर रोडच्या घरी त्यांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' ची प्रस्तावना हातावेगळी करायला टेबलावर मागून घेतली होती. सकाळी उठले नाहीत. त्यांचा स्वतःचा शब्द ५३ दिवस आधी पुरा झाला होता. ज्यांनी त्यांच्या भरवशावर शब्द दिला होता ते मागे राहिले, आणि सवलती परत आणून देणारा माणूस नव्हता.

इथे लोक मागे फिरले असते तर कोण दोष देणार होतं? नेता गेला, धर्म नवा, पुस्तक अजून छापलेलं नाही (ते १९५७ ला आलं), विहारं नाहीत, भिक्खू नाहीत, आणि कागदावर फक्त 'हिंदू' एवढं लिहिलं तर पोराला नोकरी. शब्द मोडायला याहून चांगलं कारण कोणतं हवं?

मग १९६१ ची जनगणना आली. १९५१ मध्ये आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्धांची संख्या अडीच हजारही नव्हती. १९६१ ला गणक दारोदार गेला, धर्म विचारला, आणि आकडा निघाला सुमारे २७ लाख ९० हजार. मला या आकड्याचं फार अप्रूप वाटतं. मोर्चात ओरडणं वेगळं. इथे दारात सरकारी माणूस उभा आहे, आजूबाजूला कोणी नाही, आणि तुमच्या उत्तराने तुमचंच नुकसान होणार आहे. तरी इतक्या लोकांनी 'बौद्ध' सांगितलं. १४ ऑक्टोबरला मैदानात उभं राहणं सोपं होतं म्हणत नाही मी. पण तिथे लाखोंची सोबत होती. १९६१ ला उंबरठ्यावर माणूस एकटा होता.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्य सरकारने आपल्या हातातल्या सवलती नवबौद्धांना लागू केल्या, तो मोठा आधार झाला. केंद्राचं दार बंदच होतं. ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरातच रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वात भूमिहीनांचा देशभर सत्याग्रह झाला, त्याच्या मागणीपत्रात हाही मुद्दा होता. निकाल लागला १९९० मध्ये, विश्वनाथ प्रताप सिंग सरकारच्या काळात. आदेशात 'बौद्ध' हा शब्द जोडला गेला. हिशेब करा, ३४ वर्षं. १९५६ ला कडेवर होतं ते पोरगं नोकरीची वयोमर्यादा ओलांडून गेलं.

या ३४ वर्षांत सगळ्यांनीच कडक पाळलं, असं मी लिहिणार नाही. दाखल्यावर हिंदू महार आणि घरात बुद्धाची तसबीर, अशी दोन नावांची जिंदगी हजारो घरांनी काढली. शाळेच्या रजिस्टरात बापाने एक लिहिलं, पोराने मोठेपणी दुसरं सांगितलं. यावरून वस्त्यांत भांडणं झाली, एकमेकांना टोमणे मारले गेले. मी बातमीदारी करायला लागलो तेव्हाही जुनी माणसं या विषयावर हळू आवाजात बोलायची. माझं मत विचाराल तर, ज्याने पोराच्या फीसाठी कागदावर एक शब्द लिहिला पण घरात श्राद्ध घातलं नाही, मुलीचं लग्न बुद्धवंदनेने लावलं, दारूला हात लावला नाही, त्याला मी शब्द मोडणारा म्हणणार नाही. उलट ज्याच्या कागदावर ठळक 'बौद्ध' आहे आणि दसऱ्याच्या आदल्या रात्री जो गुत्त्यावर असतो, त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. सतरावी प्रतिज्ञा घरात कोणी टिकवली हे विचारायचं असेल तर वस्तीतल्या म्हाताऱ्या आयाबायांना विचारा. नवऱ्याच्या हातातला पगार मोजून घेणाऱ्या, पोराला गुत्त्यावरून ओढून आणणाऱ्या त्याच होत्या. त्यांची नावं कोणत्या कोनशिलेवर नाहीत.

पत्रकार म्हणून मी अनेक वर्षं दसऱ्याला दीक्षाभूमीवर ड्युटी केली. बाहेरून आलेले बातमीदार गर्दी मोजतात, नेत्यांची भाषणं टिपतात. मी हल्ली पुस्तकांच्या स्टॉलजवळ उभा राहतो. नांदेड, हिंगोली, यवतमाळकडून रात्रभर प्रवास करून आलेली माणसं, पायात धड चप्पल नाही, आधी पुस्तकं घेतात आणि उरलेल्या पैशात परतीचं बघतात. ज्यांना स्वतःला वाचता येत नाही अशा आज्या नातवासाठी पुस्तक निवडताना दिसतात, दुकानदाराला विचारतात, यात बाबासाहेबांचा फोटो आहे ना. एवढ्या लांबून येऊन वीस-तीस रुपयांची पुस्तिका घेऊन जाणाऱ्या या माणसांना कोणत्याही ॲपने आठवण करून दिलेली नसते. त्याच परिसरात कान फाटतील असे डीजे, नेत्यांच्या बॅनरची जत्रा, आणि दुसऱ्या दिवशीचा कचरा, हेही असतं. तेही लिहिलं पाहिजे, नाहीतर पोस्ट आरतीसारखी होईल, आणि ज्यांच्यावर लिहितोय त्यांना आरती चालत नाही.

एक अजून. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध ६५ लाखांच्या वर होते. आता २०२७ ची जनगणना येते आहे आणि यंदा जातही मोजणार आहेत. व्हॉट्सॲपवर आत्तापासून गोंधळ सुरू आहे, धर्मात बौद्ध लिहिलं तर सवलत जाईल, जात लिहिली तर प्रतिज्ञा मोडेल, असले फॉरवर्ड फिरत आहेत. पहिली भीती १९९० लाच संपली आहे. बौद्ध लिहूनही अनुसूचित जातीत नोंद होते. दुसऱ्या प्रश्नावर मतभेद आहेत आणि ते घराघरात बोलूनच सुटतील. पण बोला. १९६१ ला गणक दारात उभा राहून विचारायचा आणि तोच लिहायचा. यंदा मोबाईलवर स्वतःच भरायची सोय असणार आहे. धर्माचा रकाना वेगळा, जातीचा वेगळा. घरातला जो पोरगा किंवा पोरगी हा फॉर्म भरणार आहे, त्याला आजीजवळ तासभर बसवा आणि १९५६ ला घरातून मैदानावर कोण कोण गेलं होतं ते आधी विचारून घ्यायला सांगा.